पागोळीची जागा

एकदा एक वृद्ध भाषांतरकार होते. खाडीकाठच्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या न्यायालयात, जुनी खरेदीखतं आणि वाटणीपत्रं मराठीतून इंग्रजीत नेण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. गाव त्यांना नाना म्हणे. त्यांची एक खोड सर्वांना ठाऊक होती. ज्या जमिनीचा कागद भाषांतराला येई, ती जमीन ते आधी स्वतः पाहून येत. चतुःसीमा पायाखाली घातल्याशिवाय लेखणी उचलत नसत. कचेरीतले सहकारी थट्टा करत, "नाना, शब्द कागदावर आहेत, शेतात नाहीत." त्यावर नाना शांतपणे म्हणत, "कागदावर ते राहायला आलेत. मूळ गाव पाहून आलेलं बरं." निवृत्तीनंतर कागद येणं थांबलं, पण खोड काही सुटली नाही.

त्यांच्याकडे एक शिष्या येत असे. नुकतीच वकिलीची सनद मिळालेली, हुशार आणि कष्टाळू मुलगी. नानांकडून जुनं कायदेशीर इंग्रजी शिकून घ्यावं म्हणून संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर येऊन बसे. तिच्यात दोष म्हणावा असा एकच होता, आणि तो बहुतेक हुशार माणसांत असतोच. तिला जड शब्दांची फार हौस होती. नोटीस वाचून समोरच्याला घाम फुटला नाही तर ती नोटीस कसली, असं तिचं प्रामाणिक मत होतं. नाना ते ऐकून घेत आणि सुपारी कातरत बसत.

एका चैत्रात तिला तिचा पहिला स्वतंत्र पक्षकार मिळाला. तो कोकमाचा व्यापारी होता. त्याच्या घराला लागून सगुणाकाकी नावाच्या एका वृद्धेचं घर, दोन्ही घरांच्या मध्ये कमरेइतका दगडी गडगा. व्यापाऱ्याची तक्रार अशी, की ही सगुणाकाकी रोज सकाळी त्याच्या छपराखाली भिंतीकडे कान लावून उभी राहते. "घरात कोकमाचा भाव बोललो की दुपारपर्यंत बाजारात फुटतो, वकीलबाई. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिचा खोकला जात नाही, औषधं घेऊन थकलो, आणि वर हा ताप. तिला अशी नोटीस द्या की पुन्हा भिंतीपाशी दिसता कामा नये. इंग्रजीतच द्या. मराठीला ती घाबरायची नाही."

हे ऐकताना शिष्येला एक गोष्ट कळली, पण तिनं ती बाजूला ठेवली. दोन्ही घरांत पूर्वी फार घरोबा होता. व्यापाऱ्याची आई चंद्राबाई आणि सगुणाकाकी एकाच वर्षी लग्न होऊन शेजारी आल्या होत्या. व्यापाऱ्यानं पत्रे टाकून छप्पर पुढे काढलं, त्यावरून बोलाचाली झाली, आणि येणंजाणं बंद पडलं. मग चंद्राबाई पडल्या, कमरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्या आतल्या खोलीत खाटेवर होत्या. सगुणाकाकीला कुणी बोलावलं नव्हतं आणि ती आपणहून गेली नव्हती. आता ही नोटीस गेली असती, तर दोन घरांत जे काही उरलंसुरलं होतं तेही कायमचं संपलं असतं. कोर्टाची पायरी एकत्र चढलेली शेजारघरं पुन्हा एका ताटात जेवलेली निदान मी तरी पाहिलेली नाहीत.

शिष्येनं त्याच दिवशी मसुदा केला आणि संध्याकाळी मोठ्या उत्साहानं नानांपुढे ठेवला. मसुद्याच्या मध्यभागी एक शब्द तिनं दागिन्यासारखा जडवला होता. सगुणाकाकी ही सराईत 'ईव्ह्जड्रॉपर' आहे, असं त्यात म्हटलं होतं.

नानांनी चष्मा वर सरकवला. "शब्द छान आहे. जुना आहे. अर्थ काय याचा?"

"चोरून ऐकणारा. लपून दुसऱ्याचं बोलणं ऐकणारा माणूस."

"तो झाला त्याचा धंदा. तो उभा कुठे असतो?"

शिष्या गोंधळली. "कुठे म्हणजे? दाराआड, भिंतीआड... कुठेही."

"कुठेही नाही, बाय," नाना म्हणाले. "या शब्दाला उभं राहायला नेमकी जागा लागते. तू शेटचं घर पाहिलंस?"

"नाही. त्यांनी सगळं सांगितलं मला. पाहण्यासारखं काही नाही त्यात."

नानांनी मसुदा दुमडून तिच्या हातात परत दिला. "उद्या सकाळी जाऊ. काकी कधी उभी राहते म्हणाले?"

"देवपूजेच्या वेळी."

"मग त्याच वेळी जाऊ. शेटना निरोप दे, शिडी लावून ठेवा म्हणावं. आणि एक भरलेली घागर."

शिष्येला यातलं काही उमगलं नाही. म्हाताऱ्या माणसांचं कधी कधी असंच होतं, असं तिच्या मनात आलं. हे तिनं नंतर कबूलही केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं चढलं होतं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. व्यापाऱ्याचं घर जुनं, कौलारू, पण गडग्याच्या बाजूनं त्याला नवे निळे पत्रे जोडलेले. भिंत आणि गडगा यांच्या मधल्या अरुंद पट्टीत कोकमाच्या गोणी छातीइतक्या रचल्या होत्या. त्या गोणींमागे एक लहान खिडकी पार झाकून गेली होती. ती चंद्राबाईंच्या खोलीची खिडकी. आतून अधूनमधून खोकला ऐकू येत होता.

"नाना, शिडी लावलीय," व्यापारी म्हणाला, "पण छप्पर गळत नाही हो माझं. आणि पाऊस यायला अजून अवकाश आहे."

"गळत नाही ते दिसतंच आहे," नाना म्हणाले. मग शिष्येकडे वळले. "बाय, चढ. ही घागर त्या पत्र्यांवर ओत. वरच्या टोकाकडून, सावकाश."

"मी?"

"माझं वय बघ. आणि शेटचं पोट बघ."

व्यापाऱ्यानं पोट आत घेण्याचा प्रयत्न केला. शिष्या पदर खोचून शिडी चढली आणि व्यापाऱ्यानं खालून दिलेली घागर तिनं वर ओढून घेतली. स्वच्छ उन्हात एक वकील छपरावर पाणी ओततेय, हे दृश्य बघायला रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. तिला फार ओशाळल्यासारखं झालं. पहिला पक्षकार, पहिली नोटीस, आणि ही पहिली हजेरी! पण गुरूचा शब्द मोडायचा तिला धीर नव्हता. तिनं घागर कलती केली.

"शेट," नाना खाली उभे राहून म्हणाले, "पाण्याकडे बघा. कुठे पडतं ते नीट बघा."

पाणी पत्र्याच्या पन्हळीपन्हळीतून खळाळत उतरलं. गोणी कोरड्या राहिल्या. गडगाही कोरडा राहिला. पाणी गडग्याच्या पलीकडे गेलं, आणि तिथे धडधडत कोसळलं ते थेट कुणाच्या तरी डोक्यावर.

"अगो आवशी!" पलीकडून आवाज आला. गडग्यापलीकडे, गोणींच्या आड कुणाला न दिसलेली सगुणाकाकी उभी होती. नखशिखांत भिजलेली, पदर डोक्याला चिकटलेला, एक हात अजून गडग्यावर टेकलेला.

तिचा आवाज विरतो न विरतो तोच गोणींमागच्या झाकलेल्या खिडकीतून दुसरा आवाज आला. म्हातारा होता, पण ठणठणीत. "गो सगुणा! भिजलंस काय गो?"

व्यापारी दचकला. त्याची आई गेले कित्येक महिने कुजबुजण्यापलीकडे बोलली नव्हती. विचारलेल्याला हूं की चूं करत नव्हती. जेवण समोर ठेवलं तर दोन घास खाऊन ताट सरकवायची. तीच आई आता भिंतीआडून हाक मारत होती, आणि हाकेच्या मागोमाग हसूसुद्धा आलं.

"भिजलंय तर काय!" सगुणाकाकी पाणी निथळत म्हणाली. "तुझ्या झिलाच्या पत्र्यावरसून अख्खी घागर इली माझ्या डोक्यार!"

व्यापारी सावरला. त्याला आपली बाजू आठवली. "बघितलंत ना नाना? पकडली की नाही? रोज अशीच उभी असते. काकी, आता खरं सांग, कशाला उभी राहतंस हय?"

सगुणाकाकीनं चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. तिला राग आला होता, पण रागापेक्षा दुसरंच काही तिच्या आवाजात होतं. "माका तुझ्या कोकमाच्या भावाशी काय करूचा आसा रे? माझी चंद्रा आसा थय आत. सकाळी उठान हय येतंय, काकणां वाजवतंय. ती खोकली काय समाजतां, आसा म्हणान. मगे घराक जातंय. एक दिवस खोकलो ऐकाक नाय इलो, तर दिसभर घास उतरलो नाय माझो."

"आणि माका खोकलो खय आसा?" खिडकीतून आवाज आला. "हिची काकणां ऐकली काय मी खोकतंय! ह्येना औषधां पाजून पाजून माझी जीब कडू केल्यान!"

शिष्या शिडीवरच उभी होती, हातात रिकामी घागर. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. व्यापाऱ्यानं मान खाली घातली. डॉक्टर बदलले, काढे झाले, शहरातून खोकल्याची औषधं मागवली, आणि हा खोकला म्हणजे एका मैत्रिणीनं दुसरीला दिलेलं उत्तर होतं. कमरेचं हाड मोडलेल्या त्याच्या आईजवळ बोलायला तेवढंच साधन उरलं होतं.

नाना गडग्यावर बसले. उन्हात त्यांचे पाय थकले असावेत.

"बाय, खाली ये. तुला काल विचारलं होतं, हा ईव्ह्जड्रॉपर उभा कुठे असतो. आता सांगतो. मी नोकरीत नवा होतो तेव्हा एका जुन्या वाटणीपत्रात 'पागोळी पडण्याची जागा' असं आलं. दोन भावांनी घर वाटून घेतलं होतं आणि पागोळीसाठी थोडी पट्टी मध्ये सोडली होती. पागोळीला इंग्रजीत काय म्हणावं ते मला सुचेना. शोधता शोधता हा शब्द हाती लागला. ईव्ह्ज म्हणजे वळचण, छपराची पुढे आलेली कड. तिथून निथळणारं पाणी आणि ते पडतं ती जमीन, दोन्हींना त्यांच्याकडे जुन्या काळी ईव्ह्जड्रिप म्हणत. म्हणजे आपली पागोळीच. तिकडेही गवताची छपरं होती, पन्हाळ नव्हती. तेव्हा माणसानं घर अगदी हद्दीपर्यंत बांधू नये, आपल्या छपराचं पाणी आपल्याच जमिनीवर पडेल अशी दोनेक फुटांची पट्टी मोकळी सोडावी, असा रिवाज होता. एवढाच होता हा शब्द. शेजाऱ्यासाठी सोडलेल्या जागेचं नाव."

"मग चोरून ऐकणं त्यात कुठून आलं?" शिष्येनं विचारलं.

"जागा मोकळी दिसली की कुणीतरी येऊन उभा राहणारच. त्या पट्टीत शिरून, भिंतीला कान लावून, आतलं बोलणं ऐकायचं आणि बाहेर जाऊन त्याचं भलतंच करून सांगायचं, असे लोक निघाले. त्यांना या जागेवरून नाव पडलं, आणि त्यांच्या न्यायालयांनी त्यांना दंडही केले. माणसं वाईट निघाली, त्यात जागेचं नाव बिचारं बदनाम झालं. पण एक लक्षात घे. ईव्ह्जड्रॉपर ठरायला माणसाला दुसऱ्याच्या जमिनीत शिरावं लागतं. काकी कुठे उभी आहे?"

शिष्येनं गडग्याकडे पाहिलं. ओल्या मातीकडे पाहिलं. "तिच्या स्वतःच्या अंगणात."

"आणि शेटची पागोळीची जागा?"

"ती गोणींनी भरलीय. छप्पर हद्दीपलीकडे गेलंय." तिचा आवाज खाली आला. "काकी छपराखाली आलेली नाही. छप्परच तिच्या डोक्यावर आलंय. आणि मी हे न बघता नोटीस लिहिली."

"लिहिलीस, पण पाठवली नाहीस," नाना म्हणाले. "शेट, रागावू नका. तुमच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा भिंत आणि गडगा यांच्यात पट्टी सोडली होती. ती जागा वाया गेली असं तुम्हाला वाटलं. ती वाया गेलेली नव्हती. माणसाच्या छपरावरून पाणी पडतं, तसं त्याच्या घरातून बरंच काही बाहेर पडतं. राग पडतो, काळज्या पडतात, वरच्या पट्टीतलं बोलणं पडतं. ते शेजाऱ्याच्या अंगावर न पडता आपल्याच जमिनीत मुरावं, एवढ्यासाठी ती पट्टी असते. ती भरून टाकली की मग आपलं सगळं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं, आणि वर आपणच विचारतो की तू इथे का उभा?"

व्यापाऱ्यानं ऐकून घेतलं. पण व्यापारी तो व्यापारीच. त्यानं हळूच विचारलं, "ते सगळं खरं, नाना. पण कोकमाचा भाव बाजारात फुटतो तो कसा मग?"

"तुमचं फोनवरचं बोलणं मी माझ्या ओसरीवर बसून ऐकतो," नाना म्हणाले. "तीन घरं सोडून राहतो मी. द्यायचीच असेल तर मलाही एक नोटीस द्या."

रस्त्यावरचे थांबलेले लोक मोकळेपणी हसले. व्यापाऱ्यालाही हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर त्याच्या मानेचा ताठा गेला. तो गडग्यापाशी गेला. लहानपणी याच सगुणाकाकीच्या मांडीवर बसून त्यानं भाकरी खाल्ली होती, आणि ते तिलाही आठवत असणार, याचीच त्याला जास्त लाज वाटत होती.

"काकी," तो शेवटी म्हणाला, "पुढल्या दारान ये. आई वाट बघता."

"माका बोलवूक तुका इतकी वर्सां लागली काय रे?" सगुणाकाकी म्हणाली. तिनं रागावून म्हणायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. "येतंय. लुगडां बदलून येतंय. सुनेक चाय ठेवूक सांग. चंद्राच्या चायेत साखर कमी घाल म्हणान सांग, ती कोणाचा ऐकाची नाय."

"साखर बरी घाल!" खिडकीतून आवाज आला.

व्यापाऱ्यानं स्वतःच्या हातानं गोणी हलवायला सुरुवात केली. शिष्या आणि रस्त्यावरचे दोघे मदतीला लागले. बऱ्याच खटपटीनं खिडकी मोकळी झाली, गंजलेली कडी सैल झाली, आणि आतल्या खाटेवर सकाळचं ऊन पडलं. पत्रे किती कापावे लागतील, पन्हाळ कुठे बसवावी, याची चर्चा व्यापारी सुताराशी फोनवर लगेच करू लागला. अर्थातच ती चर्चा सगळ्या आळीला ऐकू गेली.

थोड्या वेळानं सगुणाकाकी कोरडं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, पुढच्या दारानं आत गेली. उंबऱ्याशी ती क्षणभर थबकली आणि मग भराभर आत गेली.

शिष्या हात झटकत मोकळ्या झालेल्या पट्टीत उभी होती. उघड्या खिडकीतून आतलं बोलणं येऊ लागलं. प्रथम नुसतं रडणं, मग एक शब्द, मग दुसरा, मग दोघींचं एकमेकींत गुंतलेलं बोलणं. इतक्या वर्षांचं साचलेलं ते पहिलं वाक्य काय असेल, हे ऐकायची इच्छा कुणाला झाली नसती? तिलाही झाली. तिनं एकदा खिडकीकडे पाहिलं. मग ती तिथून बाजूला झाली, घराला वळसा घालून पुढच्या अंगणात आली, आणि नानांच्या शेजारी पायरीवर बसली.

नानांनी तिच्याकडे पाहिलं. आतून चहाच्या कपांचा आवाज आला, तेव्हा दोघं मुकाट्यानं उठले आणि न सांगता घरी निघाले.

आपण घर बांधताना हॉल केवढा, किचन केवढं, हे सारं विचारतो. आपल्या छपराचं पाणी पडायला किती जागा सोडली, हे विचारणारा माणूस विरळा. असा कुणी तुम्हाला भेटला, तर फार विचार न करता त्याच्या शेजारी घर घ्यावं.